जुन्या गेमिंग संगणकाचे नूतनीकरण: आधी मेमरी, मग प्रोसेसर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला दिला जाणारा नियमित पाठिंबा थांबवला. त्याच सुमारास संगणकाच्या मेमरीचे दर जगभर झपाट्याने वाढू लागले. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. मात्र सात-आठ वर्षांपूर्वी खेळांसाठी जुळवून घेतलेला संगणक ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यापुढे त्या एकाच वेळी येऊन ठेपल्या. प्रोसेसर बदलावा, मेमरी वाढवावी की सगळा संच नव्यानेच घ्यावा, हा प्रश्न त्यामुळे पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे. पूर्वी मेमरी हा सर्वांत स्वस्त भाग होता आणि तिचा विचार शेवटी केला जाई. आता हा क्रम उलटा करणे शहाणपणाचे ठरते.

म्हैसूरसारख्या विद्यार्थ्यांच्या शहरात हा प्रश्न विशेष जाणवतो. १९४६ मध्ये स्थापन झालेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग, १९६३ पासूनचे श्री जयचामराजेंद्र अभियांत्रिकी महाविद्यालय आणि इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र यांमुळे येथे देशाच्या अनेक भागांतून, महाराष्ट्रातूनही, तरुण येतात. भाड्याच्या खोलीत एकच संगणक असतो. दिवसा त्यावर प्रकल्पाचे काम चालते आणि रात्री खेळ. सुट्या भागांचा मोठा बाजार मात्र बंगळुरूच्या सदर पत्रप्पा रस्त्यावर, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटरवर आहे. चुकीचा भाग आणला गेला तर तो परत करण्यासाठी एक दिवस आणि प्रवासखर्च जातो, शिवाय दुकानदार तो परत घेईलच असे नाही. मुंबईत लॅमिंग्टन रस्ता हाताशी असलेल्यांना ही अडचण कळणार नाही. पण सोलापूर, नांदेड किंवा चंद्रपूरच्या वाचकांना ती चांगलीच परिचयाची असेल.

अडथळा नेमका कोठे आहे?

संगणक खेळताना अडखळू लागला की बहुतेकांचा पहिला संशय प्रोसेसरवर जातो. तो खरा आहे की नाही, हे एक रुपयाही खर्च न करता तपासता येते. खेळाच्या मांडणीत जाऊन पडद्याचे रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणावे आणि त्याच प्रसंगात दर सेकंदाला किती फ्रेम मिळतात ते पाहावे. रिझोल्यूशन कमी केल्याने ग्राफिक्स कार्डाचे काम बरेच हलके होते, पण प्रोसेसरचे जवळपास तेवढेच राहते. फ्रेमची संख्या लक्षणीय वाढली, तर अडथळा ग्राफिक्स कार्डात आहे आणि प्रोसेसर बदलून फारसे काही हाती लागणार नाही. संख्या होती तेथेच राहिली, तर दोष प्रोसेसरकडे किंवा मेमरीकडे आहे.

टास्क मॅनेजरमधील आकडे येथे फसवे ठरू शकतात. चार कोअरच्या प्रोसेसरचा वापर ४० टक्के दिसला म्हणजे ६० टक्के शक्ती शिल्लक आहे, असा अर्थ होत नाही. खेळाचा मुख्य धागा एकाच कोअरवर पूर्ण क्षमतेने धावत असेल आणि उरलेले तीन कोअर ८० टक्के रिकामे असतील, तरीही सरासरी तेवढीच येते. म्हणून एकूण टक्केवारीऐवजी प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा पाहावा. ग्राफिक्स कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर सतत टिकत असेल, तर संगणक आपले काम योग्य रीतीने करीत आहे असे समजावे. तो ६० ते ७० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि खेळात फ्रेमवर मर्यादा घातलेली नसेल, तर कार्डाला काम पुरवणारा प्रोसेसर मागे पडत आहे.

अडखळणे आणि मंद चालणे यांतही फरक करावा लागतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेम तयार होण्यास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेमच्या पडद्यासाठी जेमतेम ६.९. सरासरी ६० येत असली, तरी मधूनच एखादी फ्रेम ८० मिलिसेकंद घेत असेल, तर डोळ्यांना तो हिसका लगेच जाणवतो. असे हिसके बहुधा मेमरी अपुरी पडल्याचे लक्षण असते. मेमरी भरली की विंडोज काही मजकूर डिस्कवर हलवते आणि गरज पडताच परत आणते. ती डिस्क जुनी, फिरत्या तबकडीची असेल, तर खेळ क्षणभर थांबतो. कित्येकदा यावरचा उपाय प्रोसेसरही नसतो आणि मेमरीही नसते. साधी एसएसडी बसवली की संगणकाच्या वागण्यात जाणवण्याजोगा फरक पडतो. ज्यांच्याकडे अजूनही खेळ हार्ड डिस्कवरून चालतात, त्यांनी इतर काहीही विकत घेण्याआधी हा बदल करून पाहावा.

मेमरी: किती, कोणती आणि कशी

२०१५ मध्ये संगणकावर आलेल्या ग्रँड थेफ्ट ऑटो ५ या खेळासाठी ८ जीबी मेमरीची शिफारस होती. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या हॉगवर्ट्स लेगसीसाठी किमान गरजच १६ जीबीची सांगण्यात आली. आठ वर्षांत शिफारस मागे पडली आणि तिच्या दुप्पट आकडा किमान ठरला, हे यावरून दिसते. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे स्पर्धात्मक खेळ ८ जीबीवर सुरू होतात खरे. पण पाठीमागे ब्राउझर आणि गप्पांचे ॲप उघडे असेल, तर तेवढी जागा पुरत नाही. १६ जीबी ही आजची व्यवहार्य पातळी आहे. ३२ जीबीचा लाभ चित्रफितींचे संपादन किंवा व्हर्च्युअल मशीन वापरणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला निश्चित होतो, केवळ खेळणाऱ्याला तो मोजक्याच खेळांत जाणवतो. चढ्या दराच्या काळात निव्वळ हौसेपोटी ३२ जीबी घेण्याचे कारण नाही.

प्रमाणाइतकीच मांडणीही महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. घरगुती संगणकांत प्रोसेसर मेमरीशी दोन वाहिन्यांतून बोलतो. डीडीआर४-३२०० प्रकारची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी मजकूर देऊ शकते. दोन स्टिक दोन वाहिन्यांत बसवल्या की हीच मर्यादा ५१.२ जीबी होते. म्हणून १६ जीबीची एक स्टिक आणि ८ जीबीच्या दोन स्टिक यांची क्षमता सारखी असली, तरी वेग सारखा नसतो. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना हा फरक फार मोठा जाणवतो. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोन स्टिक सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते. शेजारी-शेजारी बसवल्या की दोन्ही एकाच वाहिनीत जातात आणि संगणक तक्रार न करता निम्म्या वेगाने चालत राहतो.

स्लॉट आधी मोजून घ्यावेत. स्वस्त मदरबोर्डना दोनच स्लॉट असतात. त्यांत ४ जीबीच्या दोन स्टिक आधीच असतील, तर मेमरी 'वाढवता' येत नाही. दोन्ही काढून नवी जोडी घ्यावी लागते आणि खर्चाचा अंदाज तेथेच चुकतो. एक स्लॉट रिकामा असेल, तर आहे त्या स्टिकवरील लेबल वाचून त्याच क्षमतेची, शक्यतो त्याच वेगाची दुसरी घ्यावी. वेगळ्या वेगाच्या दोन स्टिक एकत्र चालतात, मात्र दोघींपैकी मंद असलेल्या स्टिकच्या वेगाने. कधी कधी त्या चालतही नाहीत. याची हमी कोणताही विक्रेता देऊ शकत नाही.

वेगाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वारंवार घडते. ३२०० चा शिक्का असलेली मेमरी पेटीतून काढून बसवली की अनेक मदरबोर्ड ती २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालवतात. छापील वेग मिळवण्यासाठी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी हा पर्याय सुरू करावा लागतो. एएमडीच्या काही बोर्डांवर त्याचे नाव डीओसीपी असते. इंटेलच्या जुन्या एच किंवा बी मालिकेच्या बोर्डांवर तो सुरू करूनही वेग ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही. लेबलवर सीएल या अक्षरांपुढे जो आकडा असतो, तो विलंबाचा. ३२०० वेगाची सीएल १६, ३६०० वेगाची सीएल १८ आणि डीडीआर५ मधील ६००० वेगाची सीएल ३० या तिन्हींचा प्रत्यक्ष विलंब हिशेबाने १० नॅनोसेकंदच येतो. जास्त मोठा आकडा म्हणजे जास्त चांगली मेमरी, हे जाहिरातीचे गणित त्यामुळे सरसकट मान्य करता येत नाही.

जुन्या बाजारात अतिशय स्वस्त मिळणारी १६ किंवा ३२ जीबीची स्टिक बहुधा सर्व्हरमधून काढलेली असते. तिला 'रजिस्टर्ड' मेमरी म्हणतात. ती स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, पण घरगुती मदरबोर्ड तिच्यावर सुरूच होत नाही. हीच मेमरी खपवण्यासाठी झिऑन प्रोसेसर आणि एक्स९९ नावाने विकले जाणारे बोर्ड यांचे स्वस्त संचही मिळतात. झिऑन ई५-२६७० व्ही३ मध्ये १२ कोअर आहेत, ही गोष्ट खरी. पण २०१४ मधील या प्रोसेसरचा वेग मूळ २.३ आणि कमाल ३.१ गिगाहर्ट्झ आहे, आणि खेळांना कोअरच्या संख्येपेक्षा प्रत्येक कोअरचा वेग अधिक लागतो. शिवाय विंडोज ११ च्या मान्य यादीत तो नाही. चित्रफिती रूपांतरित करण्यासारख्या कामांना असा संच उपयोगी पडेल. खेळासाठी तो घेणे म्हणजे बैलगाडीला बारा बैल जुंपून शर्यतीत उतरण्यासारखे आहे.

प्रोसेसर: सॉकेट काय परवानगी देतो?

प्रोसेसरची निवड बाजारात काय मिळते यावर ठरत नाही, मदरबोर्ड काय स्वीकारतो यावर ठरते. येथे इंटेल आणि एएमडी यांच्या ग्राहकांचे नशीब वेगवेगळे आहे.

उदाहरण म्हणून २०१७ च्या जानेवारीत आलेला कोअर आय५-७४०० घेऊ. चार कोअर, चार थ्रेड आणि ३.५ गिगाहर्ट्झचा कमाल वेग असलेला हा प्रोसेसर त्या काळी मध्यम किमतीच्या गेमिंग संगणकांत मोठ्या प्रमाणात बसवला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सहा कोअरचा आय५-८४०० आला. दोघांच्याही सॉकेटचे नाव एलजीए ११५१ हेच, पिनांची संख्याही तीच. तरीही ७४०० च्या बोर्डवर ८४०० चालत नाही, कारण इंटेलने नव्या पिढीसाठी ३०० मालिकेचे बोर्ड आवश्यक केले. केवळ सॉकेटचे नाव पाहून खरेदी करणारे येथे फसतात. ७४०० च्या मालकाला त्याच बोर्डवर मिळणारी सर्वांत मोठी झेप आय७-७७०० ची, म्हणजे चार कोअर आणि आठ थ्रेडची. जुन्या बाजारात हा प्रोसेसर मिळतो आणि त्याने हिसके कमीही होतात.

पण येथेच विंडोजचा मुद्दा आडवा येतो. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची रायझन २००० मालिका ही ढोबळ सीमा आखली आहे, आणि त्याबरोबर टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय सक्तीची केली आहे. ७७०० सातव्या पिढीचा असल्याने सीमेच्या अलीकडेच राहतो. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षा-सुधारणांची जी योजना देण्यात आली, तिची मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ हीच जाहीर झाली. खेळ लिनक्सवर नेण्याचा मार्ग आहे आणि तो पूर्वीपेक्षा सुकर झाला आहे. मात्र व्हॅलोरंटसारखे खेळ त्यांच्या फसवणूकविरोधी प्रणालीमुळे तेथे चालत नाहीत. संगणकावर परीक्षांचे काम, बँकेचे व्यवहार आणि खेळ हे सारे एकत्र होत असेल, तर ७७०० वर पैसे घालणे म्हणजे बंद गल्लीत आणखी चार पावले पुढे जाणे होय.

अशा वेळी दुसरा मार्ग पाहावा. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी असलेल्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड दोन प्रकारचे निघाले: काही डीडीआर५ मेमरीचे, काही डीडीआर४ चे. डीडीआर४ चा बोर्ड आणि २०२२ च्या जानेवारीतील कोअर आय३-१२१००एफ किंवा आय५-१२४००एफ यांपैकी एक घेतला, तर जुनी मेमरी, एसएसडी, कॅबिनेट आणि ग्राफिक्स कार्ड जसेच्या तसे पुढे नेता येते. १२४००एफ मध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत. नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते, त्यामुळे वेगळे कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच उमटणार नाही, एवढे ध्यानात ठेवावे. बोर्ड घेताना खोक्यावर डीडीआर४ लिहिले आहे का, हे दोनदा वाचावे. दोन्ही प्रकारच्या स्टिकना २८८ पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असल्याने एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

एएमडीच्या ग्राहकांची स्थिती बरीच सुखद आहे. २०१७ च्या रायझनपासून या कंपनीने एएम४ हे एकच सॉकेट अनेक पिढ्या चालवले. २०२० मध्ये कंपनीने बी४५० च्या बोर्डांना पुढील पिढी मिळणार नाही असे आधी सांगितले आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर निर्णय फिरवला. २०२२ मध्ये ए३२० सारख्या पहिल्या फळीतील बोर्डांनाही रायझन ५००० मालिकेची दारे उघडण्यात आली. याचा अर्थ असा की, २०१७ मध्ये रायझन ५ १६०० घेतलेल्याला तोच बोर्ड आणि तीच मेमरी ठेवून २०२२ चा रायझन ५ ५६०० बसवता येतो. दोघांतही सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत, पण प्रत्येक कोअरचा वेग पुष्कळ वाढलेला आहे. १६०० विंडोज ११ च्या यादीत नव्हता, ५६०० आहे. एका भागाच्या खर्चात दोन्ही प्रश्न सुटतात, असे उदाहरण या क्षेत्रात क्वचितच सापडते.

५६०० च्या शेजारी दुकानात ५५०० ही दिसतो आणि थोडा स्वस्त असतो. कोअर तेवढेच असले, तरी त्याची एल३ कॅश ३२ ऐवजी १६ एमबी आहे. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या अंगातच असलेली लहान, अतिशय वेगवान मेमरी. खेळांत प्रोसेसर तोच तोच मजकूर पुन्हा पुन्हा मागत असतो; तो कॅशमध्ये सापडला तर बाहेरच्या रॅमपर्यंत जावे लागत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये एएमडीने प्रोसेसरच्या चिपवर कॅशचा दुसरा थर चढवून ती ९६ एमबी केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये ५७००एक्स३डी या नावाने त्याची काहीशी मंद आवृत्ती आणली. मंद रॅम असलेल्या जुन्या संगणकाला या दोन प्रोसेसरचा लाभ विशेष होतो, कारण रॅमवरचे त्यांचे अवलंबित्वच कमी आहे. ते योग्य दरात आणि खात्रीच्या ठिकाणी मिळाले तर घ्यावेत. मात्र ग्राफिक्स कार्ड जुने आणि मध्यम असेल, तर ५६०० आणि एक्स३डी यांतील फरक पडद्यावर दिसणारच नाही.

दर का चढले?

संगणकाच्या मेमरीचा जागतिक बाजार प्रामुख्याने तीन कंपन्यांच्या हाती आहे: दक्षिण कोरियातील सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेची मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांना लागणारी विशेष मेमरी अधिक नफा देते, म्हणून या कंपन्यांनी आपली निर्मितीक्षमता तिकडे वळवली. त्याच काळात डीडीआर४ चे उत्पादन आवरते घेण्याचे धोरण आखले गेले होते. परिणामी २०२५ च्या उत्तरार्धात किरकोळ बाजारातील मेमरीच्या अनेक संचांचे दर काही महिन्यांत दुपटीच्याही पुढे गेले. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने 'क्रुशल' या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा हा बदल तात्पुरता नसल्याचे बाजाराने ओळखले.

या उद्योगाशी म्हैसूरचाही एक धागा जुळलेला आहे. १९८८ मध्ये येथे सुरू झालेल्या केन्स टेक्नॉलॉजीच्या उपकंपनीला गुजरातमधील साणंद येथे सेमिकंडक्टर प्रकल्प उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. मायक्रॉनचा २०२३ मध्ये मंजूर झालेला प्रकल्पही साणंदलाच आहे. मात्र हे दोन्ही प्रकल्प चिपची जोडणी, चाचणी आणि वेष्टन यांचे आहेत. मेमरीची मूळ सिलिकॉन तबकडी परदेशांतूनच येते. म्हणून म्हैसूरच्या दुकानातील दर सोल आणि न्यूयॉर्क येथील बातम्यांबरोबर हलतो, आणि रुपया घसरला तर आणखी थोडा.

या परिस्थितीत हाती असलेल्या डीडीआर४ च्या १६ जीबीला वेगळेच मोल आले आहे. केवळ डीडीआर५ स्वीकारणाऱ्या एएम५ सारख्या नव्या सॉकेटकडे जायचे, तर प्रोसेसर आणि बोर्डाच्या जोडीला मेमरीही नव्याने घ्यावी लागते, आणि तिघांच्या बेरजेत मेमरीचा वाटा पूर्वी कधी नव्हता इतका मोठा होतो. एएम५ ला २०२७ पर्यंत किंवा त्याहूनही पुढे पाठिंबा देण्याचे आश्वासन एएमडीने दिले आहे. संगणक आणखी सात-आठ वर्षे वापरायचा असेल, तर हा खर्च समर्थनीय ठरू शकतो. पदवीची दोन वर्षे उरलेल्या विद्यार्थ्यासाठी मात्र जुनी मेमरी राखून प्रोसेसर बदलणे हाच किफायतशीर मार्ग आहे. ज्यांच्याकडे डीडीआर३ चा संगणक आहे, त्यांना हा मार्ग उपलब्ध नाही. त्यावर पैसे खर्च न करता ते साठवून ठेवणे बरे.

उष्णता, वीज आणि हाताचे काम

समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंचीवर असलेल्या म्हैसूरमध्ये एप्रिलचे सरासरी कमाल तापमान ३४-३५ अंशांच्या आसपास असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो. खोलीचे तापमान १० अंशांनी चढले, की तेवढ्याच भारावर प्रोसेसरचे तापमानही साधारण तेवढेच चढते. ५८००एक्स३डी ची मर्यादा ९० अंशांची आहे. ती गाठली की तो आपला वेग आपणच कमी करतो. त्याच्यासोबत पंखा मिळत नाही, वेगळा घ्यावा लागतो. ६५ वॉटच्या ५६०० सोबत येणारा लहान पंखा म्हैसूरच्या खोलीत पुरेसा होतो, विदर्भात तोच पंखा दुपारभर ओरडत राहील. ए३२० च्या स्वस्त बोर्डांवर वीज-नियंत्रक भागांना उष्णताशोषक पट्टीच नसते. तेथे १०५ वॉटचा प्रोसेसर बसवणे टाळावे. एसएमपीएस सात-आठ वर्षांचा असेल, तर त्याचा विचार प्रोसेसरच्या आधी व्हायला हवा, कारण तो बिघडताना इतर भागांनाही सोबत नेऊ शकतो.

प्रोसेसर बदलण्यापूर्वी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, बायोस अद्ययावत करणे आवश्यक असते. नवा प्रोसेसर बसवल्यावर जुने बायोस त्याला ओळखत नाही आणि संगणक सुरूच होत नाही. या कामाला पाच-दहा मिनिटे लागतात, पण मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून संगणक यूपीएसवर ठेवावा आणि आकाशात ढग गडगडत असताना हे काम काढू नये. काही बोर्डांच्या नव्या बायोसमध्ये जागेअभावी जुन्या प्रोसेसरांचा पाठिंबा वगळलेला असतो. एकदा पुढे गेल्यावर मागे येता येत नाही, हे बोर्डनिर्मात्याच्या संकेतस्थळावरील टीप वाचून ठरवावे.

डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची पुनर्प्राप्ती-किल्ली आधी कागदावर उतरवून ठेवावी. एएमडीच्या संगणकात टीपीएम प्रोसेसरमध्येच असते. प्रोसेसर बदलताच विंडोज ती किल्ली मागते आणि ती नसल्यास प्रकल्पाच्या सगळ्या फायली कायमच्या गमावण्याची वेळ येते. मदरबोर्ड बदलणार असाल, तर संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना नव्या बोर्डवर चालत नाही. स्वतंत्रपणे विकत घेतलेला मात्र नेता येतो.

एएम४ च्या प्रोसेसरला खालच्या बाजूने बारीक पिना असतात. वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे पंखा ओढताना कधी कधी प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. हे टाळण्यासाठी संगणकावर दहा मिनिटे एखादा खेळ चालवून पेस्ट ऊबदार होऊ द्यावी, मग संगणक बंद करून वीजपुरवठा तोडावा आणि पंखा सरळ न ओढता डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवावा. इंटेलच्या बाबतीत पिना सॉकेटमध्ये असतात. तेथे प्रोसेसर उपटला जात नाही. पण सॉकेट उघडा असताना त्यात स्क्रू किंवा बोट पडले, तर बोर्ड बदलावा लागतो.

जुन्या बाजारातून घेतलेली मेमरी बसवल्यावर मेमटेस्ट८६ हा विनामूल्य तपासणी कार्यक्रम रात्रभर चालवावा. त्यात एकही चूक दिसली तर स्टिक परत करावी. 'एखादी चूक चालते' असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. परतीची मुदत पावतीवर लिहून घेतलेली असली, तरच या तपासणीचा उपयोग. काढलेला प्रोसेसर चालू स्थितीत असेल तर त्यालाही गिऱ्हाईक मिळते. बंद पडलेले भाग कचऱ्यात टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि ते भाग नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. हार्ड डिस्क विकायची असल्यास तीवरील मजकूर केवळ 'डिलीट' करून भागत नाही, तिच्यावर एकदा पूर्ण पुनर्लेखन करूनच ती हातावेगळी करावी.